पस्तीस दिवसांनंतर

‘व्यसनमुक्ती केंद्र’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच भिंत येते, गेटवर कुलूप येते. ‘मनोरुग्णालय’ म्हटले की हिंदी सिनेमातला शॉक देण्याचा सीन येतो. पण तिथून बरा होऊन बाहेर पडलेला, हातात पिशवी घेऊन एस.टी.ची वाट पाहणारा माणूस काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. त्याचे पुढे काय होते? तो घरी जातो. घरी म्हणजे त्याच घरात, त्याच गल्लीत, त्याच मित्रांमध्ये. आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. या लेखात मला केंद्राच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या गोष्टी जास्त सांगायच्या आहेत. बाहेर आल्यावर त्या माणसाला कोण धरून ठेवतं, आणि आपल्यासारख्यांच्या गावात तशी माणसं, तशा संस्था आहेत का?

मी बीबीचा. होस्टेलमध्ये पहिल्या दिवशी ठरलेला प्रश्न, “हे कुठं आलं?” तर लोणार तालुका, जिल्हा बुलडाणा. लोणारचं सरोवर सगळ्यांना पाठ, बीबी कुणाला माहीत नाही. असो. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये म्हणून जी वर्षानुवर्षे ओळखली जातात ती चार: पुण्याचे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. बीबीहून नागपूर घ्या नाहीतर पुणे घ्या, दोन्ही तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. म्हणजे पेशंटला एकदा न्यायचे तर एका माणसाची दोन दिवसांची मजुरी बुडणार, तिकीट वेगळे, आणि महिन्याने “परत दाखवायला या” म्हटले की सगळे परत पहिल्यापासून. फॉलोअप का होत नाही याचे कारण बहुतेक वेळा या हिशोबात असते, आणि डॉक्टर मात्र म्हणतात की घरच्यांना गांभीर्य नाही.

आता आधी थोडे शास्त्र. दारूचे व्यसन हा आजार आहे असे आपण भाषणात म्हणतो, मनातून मात्र त्याला वाईट सवयच समजतो. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेतो. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू आपला वेग वाढवून ठेवतो. अशा माणसाने एकदम दारू बंद केली की ब्रेक निघतो आणि ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, तर काहींना दोन-तीन दिवसांनी भास होऊ लागतात, आपण कुठे आहोत हेही कळत नाही. यात जीव जाऊ शकतो. म्हणून “आजपासून बंद म्हणजे बंद!” असे म्हणून घरात कोंडून ठेवणे हा शूरपणा नाही, धोका आहे. हे पहिले आठ-दहा दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली काढावे लागतात.

एक अजून. आपल्याकडे भिंतीवर, एस.टी.च्या मागे जाहिरात असते: ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.’ आईने किंवा बायकोने भाजीत पावडर टाकायची. अशा पुड्यांमध्ये नक्की काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेल्याला ते जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टर ते पेशंटला सगळे सांगून, त्याची संमती घेऊनच देतात. नकळत दिले तर दारू सुटणे बाजूला राहते, माणूसच जायचा. शिवाय त्याला नंतर कळले की घरच्यांनी जेवणात काही कालवले होते, तर तो त्या घरात परत विश्वासाने जेवेल का?

तर शरीरातली दारू उतरायला आठ-दहा दिवस. मग पुण्याच्या मुक्तांगणमध्ये उपचार पस्तीस दिवसांचे का असतात? उरलेल्या दिवसांत तिथे माणूस दारूशिवाय दिवस कसा घालवायचा ते शिकतो. सकाळी उठणे, योगासने, कामाची पाळी, समूहात बोलणे, समुपदेशन. मी स्थापत्यचा असल्यामुळे मला यात काँक्रीट दिसते, माफ करा. स्लॅब टाकला, वरून टणक झाला, बोटाने दाबला तर दबत नाही. म्हणून काय दुसऱ्या दिवशी सेंट्रिंग काढतो का आपण? क्युरिंग चालू ठेवतो, टेकू ठेवतो, लोड हळूहळू येऊ देतो. पस्तीस दिवसांनी माणूस वरून टणक झालेला असतो. घरचे म्हणतात, “आता बरा झाला, पाठवा त्याला शेतावर, कर्जाचंही बघू दे.” सगळे टेकू एका दिवसात काढून टाकतात.

मुक्तांगणची गोष्ट आपल्यापैकी काहींना माहीत असेल. अनिल अवचट यांनी ऐंशीच्या दशकात ‘गर्द’च्या म्हणजे ब्राऊन शुगरच्या व्यसनात सापडलेल्या मुलांवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले व त्यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. काम मात्र थांबले नाही; त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते पुढे नेले.

मला या संस्थेतल्या दोन गोष्टी इमारतीपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे तिथल्या कार्यकर्त्यांत आणि समुपदेशकांत अनेक जण स्वतः पूर्वीचे पेशंट आहेत. “मला कळतंय तुला काय होतंय” हे वाक्य कधीही न प्यायलेल्या माणसाने म्हटले तर व्यसनी माणूस मनात हसतो. तेच वाक्य दहा वर्षे पिऊन, सगळे घालवून, परत उभ्या राहिलेल्याने म्हटले की त्याला उत्तर नसते. दुसरी गोष्ट, ‘सहचरी’ हा पत्नींचा गट. नवरा पीत असतो तेव्हा बायको घर चालवते, खोटे बोलून त्याची रजा सांभाळते, उधारी फेडते, मार खाते. तो सुधारून आला की सगळे त्याचे कौतुक करतात. तिच्या दहा वर्षांच्या रागाचे काय? शिवाय तिचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. तो बाथरूममध्ये जास्त वेळ लागला तरी ती तोंडाचा वास घ्यायला जाते. तो चिडतो, भांडण होते, आणि भांडण हे पिण्याचे सर्वांत सोपे निमित्त. म्हणून तिलाही बोलायला स्वतःची जागा लागते.

गावोगावी पसरू शकणारी अशी दुसरी व्यवस्था म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, थोडक्यात एए. १९३५ साली अमेरिकेत अक्रन गावी एक दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे निघाले. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव सांगायचे नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असली पाहिजे असेही नाही! आठवड्याला मीटिंग होते, एकेक जण उठून आपली कहाणी सांगतो, बाकीचे ऐकतात, कोणी सल्ला देत नाही. दारूशिवाय वर्ष पूर्ण झाले की ‘वाढदिवस’ साजरा होतो. पन्नाशीचा बाप्या आपला पहिला वाढदिवस करतो आणि समोरचे टाळ्या वाजवतात. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट आहेत. यातल्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, तो सगळ्यांना पटत नाही, हेही सांगायला हवे. पण देव बाजूला ठेवला तरी राहते ते हे, की संध्याकाळी सात वाजता, जेव्हा घसा कोरडा पडतो, तेव्हा जायला एक जागा आहे.

आणि खरे सांगू का, आमच्या भागात अशी एक जागा आधीपासून आहे. तिला कोणी व्यसनमुक्ती गट म्हणत नाही इतकेच. “त्यानं माळ घातली” असे गावात म्हणतात. पंढरपूरची तुळशीची माळ गळ्यात आली की दारू आणि मटण दोन्ही सुटले. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजा, बीबी, लोणार, मेहकर अशी आमच्याकडून जाते. पावसात भिजत माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असतात, आणि त्यात माळ घातलेले पूर्वीचे पिणारेही असतात. मी श्रद्धेच्या वादात शिरत नाही. फक्त इंजिनिअरसारखे बघा, माळ काय काम करते? मित्राने ग्लास पुढे केला की कारण सांगावे लागत नाही, गळ्याकडे बोट दाखवले की पुरे. समोरचा आग्रह करत नाही, उलट पाया पडतो. संध्याकाळी भजनाला जायचे असते, म्हणजे तो सात वाजताचा वेळ भरला. पंधरा दिवसांनी एकादशी येते. वर्षाने वारी. आणि सोबत दहा-वीस माणसं. एए जे मीटिंग, वाढदिवस आणि सोबती देऊन करते तेच हे. मात्र एक फरक आहे आणि तो मोठा आहे. माळकरी माणूस एकदा घसरला तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. माळ काढून ठेवतो आणि मग दुप्पट पितो. एएमध्ये घसरलेला माणूस पुढच्या मीटिंगला येऊन “मी परत प्यायलो” म्हणू शकतो, आणि त्याला खुर्ची मिळते.

घसरण ही तर गृहीतच धरावी लागते. अमेरिकेतील अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संस्था सांगते की व्यसनातून बाहेर आलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक पुन्हा कधी ना कधी घसरतात, आणि रक्तदाब किंवा दम्याचे पेशंटही पथ्य व औषध सोडण्याच्या बाबतीत याहून चांगले नाहीत. पण दम्याचा झटका परत आला तर आपण “याला अक्कलच नाही” म्हणत नाही, दवाखान्यात नेतो. २०१९ साली केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ लोकांमागे जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक. म्हणजे केंद्रात पोचलेला माणूस आधीच १८० मधला एक आहे. त्याला परत आल्यावर चौकात काय ऐकायला मिळते? “काहून रे, आला का सुटून?” सुटून! जसा काही जेलमधून आला.

आता मानसिक आजाराकडे येऊ. दोन्ही एकाच लेखात का, असे कोणी विचारेल. एक तर दोन्ही पुष्कळदा एकाच माणसाला असतात. उदास माणूस झोपेसाठी पितो आणि पिऊन अधिक उदास होतो. दुसरे म्हणजे बरे होण्याची अडचण सारखीच आहे. स्किझोफ्रेनियात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटते. गोळ्यांनी आवाज बऱ्याच जणांचे कमी होतात. पण विशीत आजार झाला, पाच वर्षे घरात बसण्यात गेली, शिक्षण सुटले, मित्र गेले, अंघोळ करायचाही उत्साह नाही, तर ही पाच वर्षे गोळी कशी परत देणार? त्यासाठी रोज जायला एक ठिकाण, थोडे काम, थोडे पैसे आणि ज्याला आपली लाज वाटत नाही असा शेजारी लागतो.

याच विचारातून पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक होते आणि हा आजार त्यांच्या स्वतःच्या घरात होता. तिकडे रुग्णांच्या नातेवाइकांचे गट कसे चालतात ते त्यांनी पाहिले आणि इकडे सुरुवात करून दिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४चा चित्रपट याच प्रयत्नाशी जोडलेला आहे. अतुल कुलकर्णींचे काम बघायचे असेल तरी जरूर बघा. संस्थेचे धायरीला पुनर्वसन केंद्र आहे आणि नातेवाइकांचे स्वमदत गट चालतात.

ज्यांना नातेवाईकच उरले नाहीत त्यांचे काय? डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ पासून ‘श्रद्धा’ फाउंडेशनतर्फे रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, कर्जतच्या केंद्रात बरे करून, पत्ता शोधून थेट घरी पोचवण्याचे काम केले. त्याबद्दल डॉ. वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि यासाठी कर्जतलाच जायला नको. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ येथे नंदू पालवे आणि आरती पालवे हे दांपत्य ‘सेवासंकल्प’ चालवते. रस्त्यावर केस वाढवून, चिंध्या गुंडाळून फिरणाऱ्यांना ते आणतात, अंघोळ घालतात, जखमा धुतात, जेवू घालतात, उपचार करवतात. जिल्ह्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकले आहे, मला शंकाच आहे. सरोवराची आणि शेगावची सहल मात्र सगळ्यांची झालेली असते.

आमच्याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. सर्व जातिधर्मांचे लोक ‘वेड लागलेल्या’ नातेवाइकाला घेऊन तिथे जातात. शिकलेली माणसं यावर नाक मुरडतात. पण ते कुटुंब तिथे का जाते याचा विचार करा. तिथे अपॉइंटमेंट लागत नाही, कोणी “इतके दिवस काय करत होता?” विचारत नाही, आणि तुमच्यासारखीच शंभर कुटुंबे तिथे बसलेली असतात. मला वाटते दर्ग्यावर टीका करून काही होणार नाही. डॉक्टरनेच तिथे जावे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात हे करून पाहिले गेले. ‘दवा-दुआ’ असे त्याचे नाव. मुजावर दुआ देतात आणि तेच पेशंटला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतात. दुआ बंद करा म्हटले असते तर दवाही कोणी घेतली नसती.

उलट टोकही ध्यानात ठेवले पाहिजे. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी आश्रमाला आग लागली. २८ मनोरुग्ण जळून मेले, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. म्हणून केंद्र निवडताना ते नोंदणीकृत आहे का, डॉक्टर खरोखर येतो का, नातेवाइकांना भेटू देतात का, हे विचारायला लाजू नये. ‘मारूनच सरळ करतो’ म्हणणारी केंद्रे व्यसनमुक्तीच्या नावाखाली चालतात, आणि कंटाळलेले घरचे पैसे भरून मोकळे होतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, त्यामुळे दाखल करून उपचार करणाऱ्या केंद्रांना नोंदणी लागते. याच कायद्याचे १९वे कलम सांगते की घरचे नेत नाहीत किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही. समाजात राहणे हा त्याचा हक्क आहे. त्यासाठी ‘हाफ वे होम’, म्हणजे हॉस्पिटल आणि घर यांच्या मधली वसतिगृहे, शासनाने द्यायची आहेत. कायद्यात आहेत. तालुक्यात कुठे दिसतात ते तुम्हीच सांगा.

मग तीनशे किलोमीटरवरच्या गावाने करायचे काय? याचे एक उत्तर विदर्भातच मिळाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. मानसोपचारतज्ज्ञ गावात राहायला येणार नाही हे गृहीत धरून गावातल्याच माणसांना शिकवले. नैराश्य कसे ओळखायचे, कसे ऐकून घ्यायचे, केव्हा डॉक्टरकडे पाठवायचे. तज्ज्ञ ठरल्या दिवशी येऊन फक्त अवघड पेशंट बघणार. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांपर्यंत (४.३ टक्के) मदत पोचत होती, दीड वर्षाने सत्तावीस जणांपर्यंत (२७.२ टक्के). ही आकडेवारी २०१७ साली लॅन्सेट सायकिॲट्रीमध्ये छापून आली. यात कुठले नवे औषध नाही, नवे मशीन नाही. ओळखीचा चेहरा दाराशी येतो, चहा घेतो आणि विचारतो, “झोप लागते का?”

हे सगळे गावाबद्दल झाले, पण होस्टेल तरी वेगळे काय आहे? चारशे पोरांचे एक गावच आहे. कोणी ‘टर्म ड्रॉप’ घेतो, वर्षाने परत येतो. तो कुठे होता हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही, किंवा पाठीमागे बोलतात. मग फेअरवेलला त्याच्याच पुढे ग्लास येतो, “एकानं काय होतंय, लेका!” त्या एकानेच होतं. त्याला पेग कोणी ऑफर करू नये एवढे तरी आपल्या हातात आहे, आणि त्याला नाइट आउटला, क्रिकेटला, जेवायला बोलावणे हेही. औषधामुळे सकाळी लवकर उठता येत नाही, पहिले लेक्चर बुडते आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते. यात सरांना विनंती आहे, की मेडिकल सर्टिफिकेट मलेरियाचे चालते तसे मानसोपचारतज्ज्ञाचेही चालावे, आणि ते ऑफिसच्या खिडकीवर सगळ्यांसमोर वाचले जाऊ नये. या भीतीने पोरं उपचार अर्धवट सोडतात.

लागतील म्हणून दोन नंबर. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी सरकारची ‘टेली-मानस’ सेवा, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागते आणि मराठीत बोलता येते. व्यसनासाठी १४४४६. स्वतःसाठी लावायचा असेल तर लावाच, पण मित्रासाठी, भावासाठी, वडिलांसाठी काय करावे हे विचारायलाही लावता येतो. एएचा गट सुरू करायला दोन-तीन माणसे आणि एक खोली पुरते. आमच्या होस्टेलची रीडिंग रूम शनिवारी संध्याकाळी रिकामी असते. तसा अर्ज रेक्टर सरांकडे दिलेला आहे. अर्जावर नावे घातलेली नाहीत. कोणी किती जण आहेत हे विचारले तर तेवढेच सांगू, नावे नाहीत.